बाबासाहेबांचे लेखन कोणाचे?

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत अलीपूर रोडवरच्या घरी बाबासाहेब आंबेडकर गेले. मागे राहिले ते त्यांचे कागद. काही हाताने लिहिलेले, काही टंकलिखित करून वर पुन्हा शाईने दुरुस्त केलेले. त्यांत जवळजवळ पुरी झालेली पुस्तके होती आणि दोन-चार प्रकरणांवर थांबलेलीही होती. हे कागद पुढे दिल्ली उच्च न्यायालयाच्या ताब्यात गेले आणि तिथून महाराष्ट्राच्या महाप्रशासकाकडे, म्हणजे वारसांपर्यंत रीतसर न पोचलेली मृतांची मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे आले. ते पेट्यांत बंद होऊन पडले. देशभर लाखो माणसे ज्यांचा शब्द वाचायला आसुसलेली होती, त्यांचे हजारो शब्द कोणी वाचू शकत नव्हते.

या पेट्या उघडाव्यात म्हणून कोर्टाचे दार ठोठावले ते नागपूरच्या एका वकिलाने. जे. बी. बनसोड यांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात महाप्रशासकांविरुद्ध दावा लावला. त्यांची मागणी अगदी सरळ होती. बाबासाहेबांचे अप्रकाशित लेखन एक तर मला छापू द्या, नाही तर शासनाला ते छापण्याचा आदेश द्या, कारण या लेखनाला आता राष्ट्रीय महत्त्व आले आहे. दावा पुढे मुंबईला वर्ग झाला आणि तिथे कित्येक वर्षे पडून राहिला. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी खंडांपैकी तिसऱ्या खंडाच्या सुरुवातीला ही हकिगत नोंदवलेली आहे. खंड घेणारे बहुतेक जण ती पाने ओलांडून थेट मजकुराकडे जातात, म्हणून ती इथे मुद्दाम सांगितली.

बनसोडांनी मालकी मागितली नव्हती. एवढे मोलाचे लेखन लोकांपुढे यावे आणि ते आणण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावी, इतकेच त्यांचे म्हणणे होते. पण आपल्या कायद्यात या म्हणण्याला जागा नव्हती. अप्रकाशित हस्तलिखित छापायचे की नाही हे लेखक ठरवतो आणि त्याच्या पश्चात वारस ठरवतात. वारसांमध्ये एकमत नसेल किंवा मालमत्ताच न्यायालयाच्या ताब्यात असेल, तर कोणीच ठरवत नाही आणि कागद वाट पाहत राहतात. स्वामित्वहक्काचा, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात कॉपीराइट म्हणतो त्याचा, कायदा लेखनाला गरजेपेक्षा जास्त कवटाळून बसतो का, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की लेखक हयात असताना हा कायदा त्याच्या फारसा उपयोगी पडत नाही आणि तो गेल्यावर मात्र त्याच्या पुस्तकांवर कितीतरी जास्त काळ बसून राहतो. नागपूरच्या वाचकाला हे समजून घ्यायला बाबासाहेबांच्या लेखनाइतके जवळचे दुसरे उदाहरण नाही.

आधी मुदतीचा हिशेब पाहू. इंग्लंडमध्ये १७१० साली पहिला कायदा झाला तेव्हा नव्या पुस्तकावरचा हक्क १४ वर्षे टिकत असे; लेखक जिवंत असला तर आणखी १४ वर्षे. आपल्याकडे १९१४ च्या कायद्याने ही मुदत लेखकाचे आयुष्य आणि त्यावर ५० वर्षे एवढी लांबली. स्वातंत्र्यानंतर नवा कायदा करताना १९५५ च्या विधेयकात मृत्यूनंतर फक्त २५ वर्षांची मुदत सुचवलेली होती. संयुक्त समितीत ती पुन्हा ५० झाली आणि १९५७ चा कायदा तसाच मंजूर झाला. १९९२ मध्ये ५० ची ६० झाली. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. म्हणजे २५ वर्षांची कल्पना टिकली असती तर बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तके १ जानेवारी १९८२ ला सर्वांची झाली असती. ५० वर्षे राहिली असती तर १ जानेवारी २००७ ला. प्रत्यक्षात ती मुक्त झाली १ जानेवारी २०१७ रोजी.

२००७ ते २०१७ ही दहा वर्षे कोणासाठी वाढली? ती बाबासाहेबांसाठी वाढली नव्हती, त्यांच्या वारसांनी मागितली म्हणूनही नव्हती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले. त्यांच्या लेखनाचे हक्क शांतिनिकेतनच्या विश्वभारतीकडे होते आणि ते ३१ डिसेंबर १९९१ ला संपणार होते. विश्वभारतीला ते सुटू द्यायचे नव्हते. अगदी शेवटच्या दिवसांत अध्यादेश निघाला, पुढच्या वर्षी दुरुस्ती मंजूर झाली आणि एका कवीच्या लेखनावरचा एका संस्थेचा ताबा वाढवण्यासाठी देशातल्या प्रत्येक लेखकाची मुदत दहा वर्षांनी वाढली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. ‘श्यामची आई’ २००१ मध्ये मुक्त व्हायची ती २०११ मध्ये झाली. मराठी वाचकाला याची गंधवार्ताही नव्हती.

बरे, त्या ताब्याने रवींद्रनाथांचे भले झाले म्हणावे तर विश्वभारतीचे संगीत मंडळ रवींद्रसंगीताचे कोणते ध्वनिमुद्रण चालेल आणि कोणते नाही हे ठरवत असे. देबब्रत बिश्वास यांच्यासारख्या गायकाची ध्वनिमुद्रणे या मंडळाने अडवली. आज बंगालमध्ये ज्यांचा आवाज ऐकून लोक रवींद्रसंगीताच्या प्रेमात पडतात, त्यांनाच मंजुरी नव्हती. याउलट गांधीजींच्या लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टकडे होते. २००८ च्या अखेरीस ते संपले आणि ट्रस्टने मुदतवाढ मागितली नाही. ‘हिंद स्वराज’च्या १९१० च्या इंग्रजी आवृत्तीवर तर कोणतेही हक्क राखलेले नाहीत असे गांधीजींनीच छापले होते.

बाबासाहेबांनी स्वतः आपले लेखन कसे वागवले हेही पाहण्यासारखे आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले भाषण मंडळाने नाकारले, तेव्हा १९३६ मध्ये त्यांनी ते पदरच्या पैशाने छापले. ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ची पहिली आवृत्ती १५०० प्रतींची. दोन महिन्यांत ती संपली. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ते सांगतात की गुजराती आणि तमिळ भाषांतरे झाली आहेत. मराठी, हिंदी, पंजाबी आणि मल्याळम भाषांतरे चालू आहेत. किंमत होती आठ आणे. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये या पुस्तकावर लिहिताना ही किंमत जास्त आहे, दोन आणे किंवा फार तर चार आणे ठेवावी असे सुचवले होते. दोघांमध्ये मतभेद टोकाचे होते, तरी पुस्तक जास्तीत जास्त हातांत पडावे या एका बाबतीत दोघांचे पाऊल एकाच दिशेला पडत होते. थोड्याच काळात सहा भाषांकडे निघालेले हे पुस्तक पाहिले की हयात लेखकाला आपला शब्द पसरवण्याची किती घाई असते ते कळते. अडवून धरण्याची वृत्ती येते ती बहुधा नंतर, सांभाळणाऱ्यांकडून.

आता येतो या कायद्याचा सर्वांत विचित्र भाग, जो फार थोड्यांना ठाऊक असतो. मृत्यूनंतर ६० वर्षे हा नियम हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाला लागतो. लेखक गेल्यानंतर जे पहिल्यांदा छापले जाते, त्याची साठ वर्षे कायद्याच्या कलम २४ प्रमाणे प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून मोजायची. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ मध्ये, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर आले. म्हणून ते बाकीच्या पुस्तकांच्या एक वर्ष मागून, १ जानेवारी २०१८ ला मुक्त झाले. दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेल्या समाजाचा मूळ ग्रंथ सगळ्यांत शेवटी मोकळा झाला, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. त्याच्या मागे फार मोठी रांग उभी आहे.

ती रांग ज्यांच्या कष्टाने उभी राहिली ते वसंत मून नागपूरचेच. जन्म १९३२. सीताबर्डीजवळच्या महारपुऱ्यात ते वाढले, आणि त्या वस्तीचे, तिथल्या आखाड्यांचे, समता सैनिक दलाचे आणि उपाशी दिवसांचे चित्र त्यांनी ‘वस्ती’ या आत्मकथनात काढले. गेल ऑम्व्हेट यांनी ते इंग्रजीत नेले. मून महसूल खात्यात अधिकारी होते. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे साहित्य प्रसिद्ध करण्यासाठी समिती नेमली आणि १९७८ मध्ये मून तिचे विशेष कार्य अधिकारी झाले. पहिला खंड १४ एप्रिल १९७९ ला निघाला. पण पेट्यांतले कागद हाती येण्यासाठी वारसांची संमती, महाप्रशासकांची परवानगी आणि न्यायालयातला नागपूरचा दावा या तिन्ही गोष्टींची गाठ सोडवावी लागली. कागद मिळाल्यावर विस्कळीत पाने जुळवणे, कुठले प्रकरण कुठल्या पुस्तकाचे हे ठरवणे, एकाच मजकुराच्या दोन प्रतींतली नंतरची कोणती हे शाईतल्या दुरुस्त्यांवरून ओळखणे, अशी सगळी कामे मागे उभी राहिली. पुस्तक निघते तेव्हा या कष्टांचा मागमूस पानावर राहत नाही.

१९८७ मध्ये तिसरा आणि चौथा खंड निघाले. तिसऱ्यात प्राचीन भारतातली क्रांती आणि प्रतिक्रांती, बुद्ध की कार्ल मार्क्स हे लेखन होते; चौथ्यात ‘रिडल्स इन हिंदुइझम’. १९८९ च्या पाचव्या खंडात अस्पृश्यतेवरचे आणखी अप्रकाशित लेखन आले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेसे आत्मचरित्रात्मक टिपण, ज्यात कोरेगावला वडिलांना भेटायला निघालेल्या मुलांना स्टेशनवर गाडीवान मिळत नाही आणि बडोद्यात नोकरी असून राहायला जागा मिळत नाही, ते पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपात काढले आणि नंतर ते बाराव्या खंडात आले. आता कायद्याच्या शब्दांप्रमाणे हिशेब मांडा. ‘रिडल्स’वरचा हक्क ३१ डिसेंबर २०४७ पर्यंत चालेल. शासनाने प्रथम प्रसिद्ध केलेले लेखन म्हणून शासकीय साहित्याचे कलम लावले तरी साठ वर्षे प्रसिद्धीपासूनच मोजायची, म्हणजे तारीख तीच येते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ३१ डिसेंबर २०५० पर्यंत. तीसच्या दशकात मांडलेल्या टिपणावर लेखकाच्या मृत्यूनंतर चौऱ्याण्णव वर्षे हक्क राहणार.

ही तरतूद कशासाठी आहे? कोणी तरी पदरमोड करून जुनी हस्तलिखिते छापावीत यासाठी उत्तेजन म्हणून, असे सांगतात. मग कष्ट करणाऱ्याला काही वर्षे जरूर द्या. युरोपीय संघाने १९९३ मध्ये असेच केले. मूळ मुदत संपल्यावर पहिल्यांदा अप्रकाशित लेखन छापणाऱ्याला तिथे २५ वर्षांचा हक्क मिळतो. आपण मात्र पूर्ण साठ वर्षे नव्याने सुरू करतो. आणि उत्तेजनाचे म्हणाल तर बाबासाहेबांचे कागद ३१ वर्षे छापले गेले नाहीत, ते हक्क अपुरे पडले म्हणून नव्हे. हक्क होताच. त्या हक्काची किल्ली कोणाच्या हाती, हे ठरत नव्हते.

किल्ली एकाच हाती असण्याचा धोका पुढे लगेच दिसला. ‘रिडल्स’च्या परिशिष्टात राम आणि कृष्ण यांच्याविषयी बाबासाहेबांनी केलेल्या चिकित्सेवरून १९८८ च्या सुरुवातीला महाराष्ट्र पेटला. परिशिष्ट काढा म्हणून मोर्चे निघाले, ते काढाल तर खबरदार म्हणून त्याहून मोठे मोर्चे निघाले. शासन गोंधळले. शेवटी परिशिष्ट राहिले, त्यातल्या मतांशी शासन सहमत नाही अशी तळटीप जोडून. दलित समाज रस्त्यावर उतरला म्हणून ते राहिले. पण विचार करा, त्या वेळी हा मजकूर कायदेशीरपणे छापणारी राज्यात दुसरी जागाच नव्हती. एका प्रकाशकावर दबाव आला की पुस्तक गप्प होते, आणि तो प्रकाशक सरकार असेल तर दबाव आणण्याचा मार्ग सगळ्यांना माहीत असतो. दहा प्रकाशकांकडे तोच मजकूर असता तर परिशिष्ट काढण्याच्या मागणीला अर्थच उरला नसता. हक्क एकवटला की लेखन सुरक्षित राहते, हा समज या एका प्रकरणाने खोटा पाडला आहे.

२०१७ नंतर काय झाले? दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीभोवतीच्या रस्त्यांवर पुस्तकांची दुकाने लागतात. कुठे मंडपात टेबले, कुठे फुटपाथवर अंथरलेल्या प्लास्टिकवर रचलेले गठ्ठे. पहाटे गाडीतून उतरलेली माणसे खांद्यावरची पिशवी सावरत पुस्तके चाळतात, मागचे पान उलटून किंमत पाहतात, घरच्या मुलासाठी एक आणि गावच्या विहारासाठी एक अशी जोडी घेतात. हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांच्या आवृत्त्या आता कोणीही काढू शकतो आणि काढतोही. छोट्या प्रकाशकाला कोणाचे पत्र, कोणाचा शिक्का लागत नाही. जाड शासकीय खंडांसाठी मात्र लोक अजून शासकीय विक्री केंद्राचीच वाट पाहतात, आणि तिथे खंड संपलेले असतात.

या खंडांची स्थिती काय होती ते २०२१ मध्ये उघडे झाले. शासनाने नऊ लाख प्रती छापण्याचे ठरवले होते, ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागद घेतला गेला आणि चार वर्षांत छापल्या गेल्या फक्त ३३ हजार प्रती, अशी बातमी ‘लोकसत्ता’ने दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. कागद आहे, मागणी आहे, पैसा मंजूर आहे आणि पुस्तक नाही. खासगी प्रकाशकाने असे केले असते तर वाचक दुसऱ्याकडे गेला असता. खंडांतल्या मरणोत्तर लेखनापुरता वाचकाला दुसरा कोणी नाही, कारण हक्क एकाच ठिकाणी आहे.

इथे कोणी म्हणेल, खंडांच्या पीडीएफ परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे, मग अडले कुठे? अडते ते पुढच्या कामाला. मोबाइलवर वाचणाऱ्याचे भागते. ज्याला संपादित आवृत्ती काढायची आहे, गोंडीत किंवा कोरकूत भाषांतर करायचे आहे, शाळेसाठी सोप्या टिपांसह पुस्तक छापायचे आहे, त्याला परवानगी लागते. अनुवादाचा परवाना न्यायालयाकडून मागण्याची तरतूद कायद्यात आहे, पहिल्या प्रसिद्धीनंतर सात वर्षांनी. पण चारशे प्रतींची पुस्तिका काढणारा कार्यकर्ता त्यासाठी वकील लावून बसणार आहे का? आणि न विचारता छापले तर कलम ६३ आहे: किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद, ५० हजार ते दोन लाख दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले. नफ्यासाठी केले नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, हे खरे. तरी पोलीस दारात येऊ शकतो, एवढी शक्यताच छोट्या माणसाला थांबवायला पुरते.

कायदा मोकळा अर्थ लावून वाचता येतो याचे एक चांगले उदाहरण दिल्लीत आहे. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला होता. विद्यार्थ्यांसाठी नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र करून तिथे संच विकले जात. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठीची ही नक्कल कायद्यात बसते असे ठरवले. स्वामित्वहक्क हा काही निसर्गाने दिलेला हक्क नाही, समाजात ज्ञान वाढावे म्हणून समाजानेच तो दिलेला आहे, ही न्यायालयाची भूमिका होती. मुदतीचा विचारही याच कसोटीवर व्हायला हवा.

दोन आक्षेप मात्र मनापासून ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा की हक्क सुटला की मजकुराची मोडतोड होईल. बाबासाहेबांच्या बाबतीत ही भीती पोकळ नाही. त्यांच्या नावावर वाटेल ते खपवणारे आजही आहेत. पण त्यासाठी कलम ५७ वेगळे आहे. लेखकाच्या प्रतिष्ठेला धक्का लावणारी मोडतोड झाली तर त्याच्या वारसांना दाद मागता येते, आणि २०१२ च्या दुरुस्तीने या कलमातली मुदतीची अट काढून टाकली. म्हणजे छापण्याची मुभा सर्वांना आणि विपर्यासाला अटकाव, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

दुसरा आक्षेप पोटाचा. लेखकाच्या बायकामुलांनी काय खायचे? हा प्रश्न मी हलका मानत नाही. अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये मुंबईत हलाखीत गेले. तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला हयातीत कायद्याने काय दिले? त्यांचे लेखन १ जानेवारी २०३० ला मुक्त होईल, पण ती साठ वर्षे त्यांच्या कामाची नव्हती. लेखकाला पैसा हवा असतो तो लिहिताना, आणि तिथे हक्काची मुदत किती यापेक्षा करारात काय लिहिले याला महत्त्व असते. आपल्याच कायद्यात लेखकाच्या बाजूच्या गोष्टी आहेत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिला असे धरले जाते. प्रकाशकाने वर्षभरात हक्क वापरला नाही तर, करारात वेगळे ठरले नसल्यास, तो परत येतो. २०१२ मध्ये चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा नाकारता येणार नाही अशी तरतूद झाली. ही वाट खरी. मराठीत किती लेखक या ओळी वाचून सही करतात? बहुतेक जण प्रकाशक पुढे करेल त्या कागदावर सही करतात, आणि नातवंडांच्या नावाने सत्तर वर्षांची मुदत मागणारे मोठे प्रकाशन समूह जगभर लेखकांच्या बाजूने बोलत असल्याचा भास निर्माण करतात.

सत्तर ही संख्या हवेतली नाही. युरोपात आणि अमेरिकेत मुदत मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत गेली आहे. कॅनडानेही २०२२ च्या अखेरीस अमेरिकेशी झालेल्या व्यापार करारापायी ५० ची ७० केली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरचा ‘सेल्मा’ हा २०१४ चा चित्रपट पाहिला तर त्यात किंग यांची खरी भाषणे नाहीत. शब्दांचे हक्क दुसरीकडे गेलेले होते म्हणून दिग्दर्शिकेला त्यांच्या धाटणीची नवी भाषणे लिहावी लागली. समतेसाठी रस्त्यावर बोललेले शब्द त्याच समतेच्या चित्रपटात वापरता येऊ नयेत! आपल्याकडे बाबासाहेबांवर नाटक, चित्रपट, मालिका करणाऱ्यांनी ‘रिडल्स’मधला एखादा उतारा रंगमंचावर आणायचे ठरवले तर २०४७ पर्यंत हाच प्रश्न उभा राहणार.

आंतरराष्ट्रीय करारांनी भारतावर घातलेले बंधन मृत्यूनंतर ५० वर्षांचे आहे. साठ आपण आपल्या हाताने केली. ती पन्नासवर आणली तर एकही करार मोडत नाही. कलम २४ मात्र आधी बदलायला हवे: मरणोत्तर प्रकाशनाची मुदतही मृत्यूपासूनच मोजावी, आणि हस्तलिखित शोधून संपादित करणाऱ्याला कष्टांसाठी काही मर्यादित वर्षे द्यावीत. बनसोडांनी जे मागितले त्याच्याशी जुळणारी एक वाट कायद्यात १९८३ च्या दुरुस्तीने आलेली आहे. मृत लेखकाचे अप्रकाशित लेखन राष्ट्रहितासाठी प्रसिद्ध व्हावे असे केंद्र सरकारला वाटले तर ते वारसांना मुदत घालून देऊ शकते, आणि त्या मुदतीत छापले नाही तर इतरांना परवानगी मिळू शकते. ही तरतूद सरकारच्या मर्जीवर सोडलेली आहे. कोणाही नागरिकाला तसा अर्ज करता यायला हवा.

आणि कायदा बदलण्याची वाट न पाहता करण्यासारखे एक काम आहे. विदर्भातल्या अनेक घरांत चळवळीतल्या माणसांच्या वह्या, पत्रे, भाषणांची टिपणे, न छापलेली गाणी ट्रंकेत पडून आहेत. सार्वजनिक ग्रंथालयात किंवा संग्रहालयात ठेवलेल्या अप्रकाशित लेखनाची प्रसिद्धीसाठी नक्कल करायला, लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षे उलटल्यावर, कायदा मुभा देतो. घरातल्या ट्रंकेला ही सवलत नाही. तुमच्या आजोबांचे, मावशीचे, वस्तीतल्या कार्यकर्त्याचे असे कागद घरी असतील तर ते एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाला रीतसर पत्र लिहून द्या, आणि त्या पत्रात हे लेखन कोणीही छापावे, कोणीही भाषांतरित करावे, आमची हरकत नाही, असे एक वाक्य सहीनिशी घाला.